पोटाची चरबी काढायची, पण घरात कळू द्यायचं नाही

प्रश्न असा आला आहे : "वय ३८, राहणार उदगीर. दोन सिझेरियन झाली आहेत. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४ किलो. खालचं पोट लोंबतं, साडी नीट बसत नाही. पुण्याच्या एका क्लिनिकमध्ये सांगितलं की लेझरनं तासाभरात चरबी काढू, टाका नाही, संध्याकाळी घरी. सोबत टमी टक, म्हणजे जादा कातडी कापून पोट आवळायचं ऑपरेशन, केलं तर पॅकेजमध्ये सवलत. एप्रिलअखेरीस भावाचं लग्न आहे. नवऱ्याला सांगितलंय, सासूबाईंना नाही. बहिणीकडे चालले म्हणून दोन दिवसांत जाऊन येईन. यात धोका काय असतो, खरं खरं सांगा."

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. लेझर, नळी, भूल यांबद्दल लिहितोच, पण मला धस्स झालं ते 'दोन दिवसांत जाऊन येईन' या ओळीला.

संभाजीनगरात प्लास्टिक सर्जन म्हणून मला बावीस वर्षं झाली. भाजलेली माणसं, मळणीयंत्रात गेलेले हात, दुभंगलेल्या ओठाची लेकरं हे आमचं रोजचं काम. पोटाची चरबी काढायला येणारे गेल्या आठ-दहा वर्षांत वाढले. या ऑपरेशननंतर बिघडून माझ्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांचं टेबलावर काहीच बिघडल्यासारखं दिसलं नव्हतं. बिघाड कळायला हवा होता पुढच्या तीन-चार रात्रींत, आणि तेव्हा त्यांच्याजवळ ना डॉक्टर होता, ना नेमकं काय केलंय हे माहीत असलेलं माणूस.

आधी तुमच्या पोटात काय आहे ते बघू, कारण चुकीच्या पोटावर केलेलं बरोबर ऑपरेशनही वायाच जातं. पलंगावर उताण्या झोपा आणि बेंबीखाली चिमटीत धरून बघा. हातात जी वळी येते ती कातडीखालची चरबी. लायपोसक्शनमध्ये, म्हणजे छिद्रातून नळी घालून चरबी ओढतात त्यात, निघते ती एवढीच. काहींचं पोट झोपल्यावरही घुमटासारखं वर राहतं आणि चिमटीत फारसं काही येत नाही. त्यांची चरबी स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती असते. आपल्याकडच्या पन्नाशीतल्या पुरुषांची पोटं बहुतेक ही अशी. तिथे नळी जात नाही आणि जाताही कामा नये. आता झोपल्या झोपल्या नुसतं डोकं उचला. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला किंवा बेंबीच्या वर दोन-तीन बोटं आत रुतली, तर बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून फाकलेले आहेत. त्याला चरबी ओढून उपयोग नाही, ते स्नायू शिवूनच जवळ आणावे लागतात. राहिली सैल कातडी. 'लोंबतं' असा शब्द तुम्ही वापरलात म्हणजे ती असणारच. अशा पोटातली नुसती चरबी काढली तर कातडी रिकाम्या पिशवीसारखी आणखी खाली येते. मग तेच क्लिनिक सहा महिन्यांनी टमी टक सुचवतं.

वजनाचंही सांगून टाकतो. एक लिटर चरबी म्हणजे एक किलोलाही थोडी कमीच. नळीतून पाच लिटर निघालं तरी त्यात सोडलेलं पाणी आणि रक्त असतं, त्यामुळे वजनकाट्यावर फरक तीन-चार किलोंचा. 'साहेब, शुगर पण उतरेल ना?' असं विचारणारे बरेच येतात. अमेरिकेत १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटातून सुमारे दहा-दहा किलो चरबी काढून तीन महिन्यांनी तपासण्या केल्या होत्या. २००४ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इन्सुलिनच्या कामात, रक्तदाबात, कोलेस्टेरॉलमध्ये सुधारणा नव्हती, कारण धोक्याची चरबी आतली असते आणि ती तशीच राहिली होती. ब्राझीलमधल्या अभ्यासात पुढची पायरी दिसली : ऑपरेशननंतर व्यायाम न करणाऱ्या बायकांच्या पोटातली ही आतली चरबी सहा महिन्यांत उलट वाढली. व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही.

आता 'लेझर'. लेझरनं चरबी हवेत विरत नाही. कातडीला छिद्र पाडून त्यातून एक बारीक तार घालतात, ती चरबी वितळवते आणि बहुतेक वेळा ती चरबी नळीनंच ओढून घेतात. म्हणजे हेही लायपोसक्शनच. शिवाय आतून कातडी भाजण्याचा एक धोका जास्तीचा, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर भाजल्याचा काळा डाग वर्षभर जात नाही. 'टाका नाही' म्हणजे छिद्र मोठं नाही एवढंच. आत जी जखम होते ती जवळजवळ सगळ्या पोटाएवढी रुंद असते. बाहेर दोन मिलिमीटर दिसतं म्हणून माणूस गाफील राहतो.

नळीची धार आणि जोर यांचा इतिहास वाईट आहे. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये एका नर्तकीच्या पायातली चरबी खरवडून काढताना रक्तवाहिनी दुखावली, पाय सडला आणि कापावा लागला. त्यानंतर पन्नास वर्षं हे काम मागेच पडलं. सत्तरच्या दशकात इटली आणि फ्रान्समध्ये बोथट टोकाच्या, शोषून घेणाऱ्या नळ्या आल्या. १९८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या जेफ्री क्लाइन या त्वचाविकारतज्ज्ञानं 'ट्युमेसंट' पद्धत आणली : सलाइनमध्ये लिग्नोकेन, अॅड्रेनॅलिन आणि सोडा बायकार्ब मिसळून ते पाणी आधी चरबीत भरायचं, पोट टरबुजासारखं टणक करायचं आणि मग ओढायचं. रक्तस्राव एकदम कमी झाला. आज हे ऑपरेशन बऱ्यापैकी सुरक्षित आहे ते या पाण्यामुळे. काळजीची पहिली जागाही हेच पाणी आहे.

लिग्नोकेन म्हणजे दात काढताना देतात तेच सुन्न करणारं औषध. साध्या वापरात अॅड्रेनॅलिनसोबत त्याची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम. या पाण्यात मात्र ते फार पातळ असतं आणि चरबीतून हळूहळू रक्तात उतरतं, म्हणून किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं मानतात. तुमच्या वजनाला झालं साधारण २,६०० मिलिग्रॅम. पण 'हळूहळू उतरतं' याचा अर्थ नीट लक्षात घ्या. रक्तातली पातळी सगळ्यात वर जाते ती दहा-बारा तासांनी. सकाळी दहाला ऑपरेशन झालं तर रात्री दहाच्या आसपास. संध्याकाळी सोडलेली बाई तेव्हा ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये, टेंभुर्णी-बार्शीच्या दरम्यान कुठेतरी असते. ओठांभोवती मुंग्या, तोंडाला लोखंडी चव, कानात गुणगुण, जीभ जड, गुंगी ही विषबाधेची पहिली लक्षणं. शेजारचा म्हणणार, गाडी लागली असेल. पुढची पायरी फिट येणं आणि हृदयाचे ठोके बिघडणं. यावर शिरेतून २० टक्के फॅट इमल्शन देतात, म्हणजे चरबीचंच औषध. पण ते ऑपरेशन थिएटरच्या कपाटात असतं, हायवेवरच्या ढाब्यावर नसतं. डोस मोजून दिला तर हे क्वचितच होतं. ज्या क्लिनिकमध्ये भूलतज्ज्ञच नाही, तिथे मोजणारा कोण, हा माझा प्रश्न आहे.

त्याच पाण्याची दुसरी बाजू. आत भरलेलं सगळं पाणी नळीनं परत येत नाही, बरंचसं अंगात मुरतं. वरून कुणी सढळ हातानं सलाइनच्या बाटल्या चढवल्या तर फुप्फुसात पाणी साठतं. कमी दिलं तर रक्तदाब पडतो. हा हिशेब थिएटरमध्ये आणि त्यानंतर रात्रभर लघवी मोजून ठेवावा लागतो. एकूण पाच लिटरच्या वर काढायचं असेल तर रुग्णाला रात्रभर रुग्णालयातच ठेवायचं, हा जगभर मानलेला संकेत आहे. मे २०२२ मध्ये बंगळूरमध्ये २१ वर्षांची एक कन्नड मालिका-अभिनेत्री चरबी काढण्याच्या ऑपरेशननंतर गेली. फुप्फुसात पाणी झाल्याच्या बातम्या तेव्हा सगळीकडे होत्या. ती बातमी वाचून माझ्याकडच्या दोघींनी तारीख रद्द केली. महिनाभरानं दोघीही परत आल्या, पण या वेळी नवऱ्यांना घेऊन. मला ते आवडलं.

आता जुन्या टाक्यांबद्दल, कारण तुमची दोन सिझेरियन आहेत. मराठवाड्यातल्या चाळिशीच्या बाईचं पोट मोकळं क्वचितच असतं. सिझेरियन असतं, कुटुंबनियोजनाचा टाका असतो, आणि बीड-धाराशिवकडच्या कितीतरी बायकांची गर्भाची पिशवी तरुणपणीच काढलेली असते. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता. अशा व्रणाखाली कधी कधी बारीक हर्निया असतो. बाहेरून दिसत नाही, हाताला लागतोच असं नाही, पण त्यात आतड्याचं एखादं वेटोळं येऊन बसलेलं असतं. शिवाय व्रणाची जागा आतून कडक, चिवट असते. नळी तिथे अडते, सर्जन जोर लावतो आणि ती जागा सोडून नळी सटकते. चरबीत आहोत असं वाटत असताना टोक पोटाच्या आत गेलेलं असतं. असं क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. म्हणून व्रण असलेल्या पोटाची आधी सोनोग्राफी, शंका असेल तर सीटी स्कॅन केल्याशिवाय मी नळी हातात घेत नाही.

एक बाई सांगतो. मोठ्या शहरात लायपोसक्शन करून दुसऱ्या दिवशी घरी परतलेली, लातूरकडची. सासरी कुणाला माहीत नव्हतं. साडीच्या आत बेल्ट घालून तिसऱ्या दिवशीही ती स्वयंपाकाला उभी होती. क्लिनिकला फोन केला तर उत्तर मिळालं, दुखणारच, पेनकिलर घ्या. चौथ्या रात्री भाऊ तिला माझ्याकडे घेऊन आला. नाडी १३० वर, जीभ कोरडी, पोट लाकडासारखं. 'पोट लई दुखलालंय, पण आईला कळू देऊ नका,' हे तिचं पहिलं वाक्य. आई म्हणजे सासूबाई. बेल्ट कापून काढला तेव्हा जुन्या व्रणाजवळच्या छिद्रातून हिरवट पाणी झिरपत होतं आणि वास सांगत होता काय झालंय ते. पोटाच्या सर्जननं रात्रीतून पोट उघडलं. लहान आतड्याला दोन भोकं होती. ती वाचली. तीन महिने पोटावर शौचाची पिशवी होती, आणि ती बदलून देत होत्या त्याच सासूबाई, ज्यांच्यापासून सगळं लपवायचं होतं. पहिल्या रात्री कुणी नाडी मोजली असती, तर पिशवीची वेळ कदाचित आली नसती.

दुखणं आणि दुखणं यात फरक असतो, तो लक्षात ठेवा. लायपोसक्शननंतर अंग ठणकतं, जिममध्ये पहिल्या दिवशी अती केल्यासारखं, आणि दर दिवशी थोडं उतरतं. रोज वाढणारं दुखणं, उलटी, पोट फुगून टणक होणं, ताप, स्वस्थ बसूनही धडधड, यातलं काहीही झालं तर पेनकिलर नव्हे, रुग्णालय. पहिल्या तीन दिवसांत दम लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला, छातीवर किंवा काखेत बारीक लाल ठिपके उठले तर चरबीचे कण रक्तातून फुप्फुसात आणि मेंदूत गेल्याची शंका घ्यायची. पायाच्या एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप आणि छातीत कळ, ही रक्ताच्या गुठळीची खूण. ती महिनाभर कधीही दिसू शकते. १०८ लावायचा आणि अॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरला खरं काय झालंय ते सांगायचं. 'अशक्तपणा आलाय' असं सांगितल्यानं वाया गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

गुठळी हा या सगळ्यातला सगळ्यात मोठा मारेकरी आहे. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जननी नव्वदच्या दशकातल्या लायपोसक्शनचा हिशेब मांडला आणि २००० साली तो प्रसिद्ध केला. लाखामागे सुमारे १९ मृत्यू, म्हणजे साधारण ५,२०० जणांत एक, आणि त्यातले जवळजवळ चौथा हिस्सा मृत्यू फुप्फुसात अडकलेल्या गुठळीनं. आकडा लहान वाटतो. पण माणूस धडधाकट असतो, कुठलाही आजार नसताना, हौसेनं आलेला असतो, तेव्हा त्या आकड्याकडे मी अपेंडिक्सच्या मृत्यूदरासारखं बघू शकत नाही. टमी टकमध्ये गुठळीचा धोका नुसत्या लायपोसक्शनपेक्षा जास्त, आणि दोन्ही एकाच बैठकीत केली की वेळ वाढते, वेळेसोबत धोकाही. म्हणून 'पॅकेज'मधली सवलत मला सवलत वाटत नाही.

का होते गुठळी? ऑपरेशनभर पाय निश्चल, नंतर कमरेत वाकून चालणं, पोटावर घट्ट बेल्ट, रक्त आधीच घट्ट होण्याच्या मूडमध्ये. त्यात उदगीरपर्यंतचा आठ-नऊ तासांचा बसप्रवास. लघवीला उतरावं लागेल म्हणून आपल्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, हे एक आणखी. आणि एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही : पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. महालक्ष्म्या आल्या, लग्न आलं, की मेडिकलमधून पाकीट आणून पंधरा-पंधरा दिवस त्या घेतल्या जातात. त्या आणि गर्भनिरोधक गोळ्या, दोन्हींनी गुठळीचा धोका वाढतो. तुमच्या भावाचं लग्न तोंडावर आहे, म्हणून विशेष लिहितोय. या गोळ्यांना मी 'औषध' म्हणून विचारलं तर उत्तर 'काही चालू नाही' असंच येतं, म्हणून मी आता सरळ पाकिटाचा रंग विचारतो. वजन उतरवायची सेमाग्लुटाइड, तिर्झेपाटाइडची इंजेक्शनं कुणी घेत असेल तर तेही भूलतज्ज्ञाला सांगायला हवं. त्यांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि उपाशी असूनही भुलीत उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते.

टमी टकचं ऑपरेशन थोडक्यात असं : कंबरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत आडवा छेद, बरगड्यांपर्यंत कातडी मोकळी करायची, स्नायू शिवायचे, जादा कातडी कापून उरलेली खाली ओढायची आणि बेंबीला नवं भोक पाडून बसवायचं. मोकळ्या केलेल्या कातडीच्या बऱ्याच रक्तवाहिन्या या कामात तुटतात. कडेनं येणाऱ्या मोजक्या रक्तावर तिला जगायचं असतं. या कातडीखाली पाणी साठणं हा सर्वात नेहमीचा त्रास, त्यासाठी नळी ठेवतो, तरी काहींचं दर आठवड्याला सुईनं काढावं लागतं. चिडचिड होते, जीव जात नाही. खरी भीती असते ती बेंबी आणि छेद यांच्या मधल्या पट्ट्याची. रक्त पोचलं नाही की तो आधी जांभळा, मग काळा पडतो, गळून जातो आणि महिना-दोन महिने ड्रेसिंग.

यात आपल्याकडचा खलनायक सिगारेट नाही, मिश्री आहे. फॉर्मवर 'व्यसन' या रकान्यात नवऱ्यापुढे 'नाही' लिहिलेलं असतं, आणि ते खोटं नसतं, कारण मिश्रीला कुणी व्यसन म्हणतच नाही. ती 'दात घासायची' असते. सकाळी एकदा, दुपारी एकदा, काम उरकल्यावर एकदा. मी हिरड्या बघतो, उजव्या हाताचं पहिलं बोट बघतो. तंबाखू भाजून पूड केली म्हणून निकोटिन कुठे जात नाही, आणि निकोटिननं नेमक्या त्याच बारीक रक्तवाहिन्या आवळतात ज्यांच्यावर पोटाची कातडी जगवायची असते. किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगमही नाहीत. नाही जमलं तर मी टमी टक करत नाही. एकीला दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा ती जिंकली.

हिमोग्लोबिनचंही तसंच. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. नऊ-साडेनऊ हिमोग्लोबिन घेऊन घरकाम होतं, शेतकाम होतं, पण त्या रक्तावर मोठी जखम नीट भरत नाही. आणि हौसेच्या ऑपरेशनसाठी रक्त चढवावं लागणं मला पटत नाही. गोळ्या घ्या, दोन महिने थांबा.

आता थोडं पाण्याबद्दल, साध्या पिण्या-वापरायच्या पाण्याबद्दल. नळाच्या आणि साठवलेल्या पाण्यात क्षयाच्या जंतूंचे दूरचे भाऊबंद असतात. प्यायलं तर सहसा काही होत नाही. पण चरबी काढायची नळी लांब, पोकळ असते. आत अडकलेली चरबी नीट घासून न काढता ती नुसती जंतुनाशक द्रावणात बुडवली आणि मग साध्या पाण्यानं धुऊन पुढच्या रुग्णाला वापरली, तर हे जंतू थेट चरबीत पोचतात. आपल्याकडे लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टाक्या, ड्रम, टँकर हे आपलं जगणं आहे, आणि दवाखाने त्यातून वेगळे नाहीत. जखम आधी भरते, बाई खूश असते. तीन-चार आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी, छिद्रांपाशी गाठी येतात, फुटतात, साध्या अँटिबायोटिकनं हटत नाहीत. चार-सहा महिने दोन-तीन औषधं एकत्र आणि तरी पोटावर खड्डे उरतात. म्हणून क्लिनिक बघायला गेलात तर सोफा आणि फोटो बघू नका. विचारा, नळ्या ऑटोक्लेव्ह करता का, म्हणजे वाफेच्या दाबात निर्जंतुक करता का. चांगल्या थिएटरच्या सिस्टरला हा प्रश्न आवडतो, ती डबा उघडून निर्जंतुक झाल्याची खूण असलेली पट्टी दाखवते.

बाकीचं भराभर सांगतो. खालच्या पोटाला सहा महिने-वर्षभर बधिरपणा, थोडा कायमचाही. गरम पाण्याची पिशवी घेऊन भाजून घेतलेल्या दोघी मी पाहिल्या आहेत. चरबी वरखाली निघाली तर पोटावर लाटा, खळगे. ते दुरुस्त करणं पहिल्या ऑपरेशनहून कठीण. व्रण जाड होणं आपल्या कातडीत नेहमीचं, आणि आडवा व्रण आयुष्यभराचा. तुम्हाला अजून मूल हवं असेल तर टमी टक पुढे ढकला, नाहीतर शिवलेलं परत फाकेल. आणि पार्लरमध्ये 'चरबी वितळवायची' इंजेक्शनं पोटात टोचून देतात, त्यांच्या वाटेलाच जाऊ नका. त्यातलं डीऑक्सिकोलिक अॅसिड अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं ते फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी.

ऑपरेशन कोण करणार, हे नावानिशी विचारा. 'आमची टीम' हे उत्तर नाही. एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी ही पदवी असावी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीत ती दिसावी. नाव त्या यादीत शोधायला पाच मिनिटं लागतात. भूलतज्ज्ञ वेगळा असावा, आणि रात्री काही झालं तर कुठल्या अतिदक्षता विभागात नेणार हे आधीच ठरलेलं असावं. मेडिक्लेमवर विसंबू नका. सौंदर्यासाठीचं ऑपरेशन पॉलिसीतून वगळलेलं असतं, आणि त्यातून उद्भवलेल्या दुखण्याच्या बिलावरही कंपनी हात वर करते. आतड्याला भोक पडलेल्या त्या बाईच्या भावानं बिलासाठी दोन एकर गहाण टाकली.

आता तुमचं. ७४ किलो आणि पाच फूट दोन इंच म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३० च्या घरात. आपल्या लोकांसाठी २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. मी आज तुमचं ऑपरेशन करणार नाही. सहा-सात किलो उतरवा, तेवढ्यानंही गुठळीचा, जखमेचा, भुलीचा धोका खाली येतो आणि पोटाचा आकार खरा किती वाईट आहे ते कळतं. हिमोग्लोबिन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी एवढं उदगीरलाच होईल. स्नायू फाकलेले निघाले तर तुम्हाला लागणारं ऑपरेशन टमी टकच आहे, लेझर नव्हे. त्याला दोन रात्री रुग्णालय, दहा-बारा दिवस त्याच शहरात मुक्काम आणि सहा आठवडे पाण्याची घागर, लहान लेकरू, गॅस सिलिंडर काहीही उचलायचं नाही. घरातल्यांना न सांगता हे सहा आठवडे निघत नाहीत, ताई. सासूबाईंना सांगणं अवघड आहे हे मला कळतं. पण 'पोटाच्या स्नायूंचं ऑपरेशन आहे' एवढं तरी सांगा, स्नायू फाकलेले असतील तर ते खोटंही ठरत नाही. मग कुणीतरी ताप बघेल, पाय बघेल, हाक मारेल.

भावाच्या लग्नाचं विसरा. सूज उतरायला तीन ते सहा महिने लागतात. लग्नात तुम्ही बेल्ट घालून, सुजलेल्या पोटानं, एप्रिलच्या ४२ अंशांत घामोळ्या खाजवत उभ्या राहाल आणि फोटोत आहात त्याहून जाड दिसाल. दिवाळीनंतर या. थंडीत बेल्ट सोसवतो, जखमही स्वच्छ राहते. येताना दोन्ही सिझेरियनचे कागद आणा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, आणि नवऱ्यांना आत केबिनमध्ये घेऊन या. बाहेर बाकावर बसवू नका.